ज्याला लागलं त्यानं सांगायचं

माझा नवरा जयवंत जाधव. वय सत्तेचाळीस, चष्मा, पोट थोडं सुटलेलं. ऑकलंडच्या एका फर्ममध्ये पावसाच्या पाण्याच्या गटारांची ड्रॉइंग तपासतो. न्यू लिनला आमचं भाड्याचं घर, एक गाडी, एक मुलगी. मी त्याच्यावर लिहितेय हे कळलं तर तो दोन दिवस बोलणार नाही. न बोलू दे. तसाही तो बोलत नाही. चार वर्षं तोंडाला कुलूप लावून बसला म्हणून आधीचं सगळं झालं, आणि मी माझं तोंड उघडलं म्हणून नंतरचं झालं.

तर हा माणूस तलवार शिकतो. आपल्याकडची नाही. युरोपातली, दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार. तिकडच्या उस्तादांनी पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी पोथ्या लिहून ठेवल्यात. त्या वाचून आता जगभरची माणसं पाय कसा टाकायचा, वार कुठून आणायचा हे नव्यानं शिकतात. धार नसलेली पोलादी तलवार, डोक्याला जाळीचा मुखवटा, अंगात गादीसारखं जाड जाकीट. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला एका स्काउट हॉलमध्ये त्यांचा क्लब भरतो. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. मंगळवारी माझी शिफ्ट साडेपाचला संपते आणि गाडी एकच, म्हणून चार वर्षं मी त्या हॉलच्या बाकावर बसून हे बघितलंय.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. याच्या गावात, औरंगाबादपासून दोन तासांवर, तालीम होती. सणाला तिथली पोरं दांडपट्टा खेळायची. यानं एकदा वडलांना विचारलं, मी जाऊ का शिकायला. ते म्हणाले, बघायला जा. एवढंच मला त्यानं सांगितलंय, आणि तेही लग्नानंतर अकरा वर्षांनी. इथल्या लायब्ररीत त्या जर्मन पोथीचं इंग्रजी भाषांतर हाती लागलं तेव्हा हा माणूस रात्रीचं जेवण विसरला. मला म्हणाला, 'निशा, हे सगळं लिहिलेलं आहे. ज्याला वाचता येतं त्याला हे येऊ शकतं.'

त्यात उभं राहायचे चार पवित्रे असतात. त्यांची नावं त्यानं माझ्यासाठी मराठीत केली: बैल, नांगर, छप्पर आणि खुळा. खुळा म्हणजे तलवारीचं टोक जमिनीकडे सोडून उभं राहायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं याला काही येत नाही. जयवंतचा हाच आवडता पवित्रा. असणारच.

आता क्लबची रीत सांगते, कारण सगळं भांडण तिच्यावरून आहे. खेळताना पंच नसतो. ज्याला वार लागला त्यानंच डावा हात वर करायचा. मारणाऱ्यानं 'लागला' म्हणायचं नाही, बघणाऱ्यानं तर तोंडच उघडायचं नाही. ग्रॅहम, क्लबचा मुख्य, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला म्हातारा, नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे सांगतो. तलवार नंतर हातात देतो.

आणि रवींद्र. हा पुण्याचा, कोथरूडचा, आयटीतला मोठा मॅनेजर. जयवंतची आणि त्याची ओळख न्यू लिनच्या स्टेशनवर झाली, फोनवरचं मराठी ऐकून. दोघं क्लबात एकाच दिवशी गेले, आमच्याच गाडीतून. पहिल्याच दिवशी यानं तिथं सगळ्यांना सांगून टाकलं की आम्हा दोघांच्या रक्तातच तलवार आहे. जयवंतच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, जाधव म्हणजे केवढं घराणं, तुम्हाला कल्पना नाही. गोरी माणसं भारावली. मी रोज तीस जणांचं रक्त काढते, मला अजून कुणाच्या नळीत तलवार दिसलेली नाही. जयवंतनं तेव्हाच सांगायचं होतं की बाबा रे, आम्ही ते जाधव नव्हे. नाही सांगितलं. मी गाडीत विचारलं तर म्हणाला, 'त्याला आनंद होतोय, होऊ दे की.'

सुरुवातीचे सहा-सात महिने बरे गेले. रवींद्र मला वहिनी म्हणायचा. जयवंतचा वार लागला की त्याचा हात वर, आणि वर 'वा, जाधवराव'. मग मी त्याला आणि त्याच्या बायकोला, मृदुलाला, शनिवारी जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या, त्या पिठासाठी तीन दुकानं पालथी घातली. रवींद्र हात धुवायला आत गेला. आमच्या पॅसेजमध्ये बुद्धाची लहान मूर्ती आहे आणि वर बाबासाहेबांचा फोटो. तो तिथं थोडा जास्तच वेळ थांबला. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर तेच हसू होतं, पण नजर कुणाच्याच तोंडाकडे नव्हती. अर्धी भाकरी खाल्ली आणि त्याला अ‍ॅसिडिटी झाली. मृदुला बिचारी भरीत मागून घेत होती, तर तिला म्हणाला, निघूया, उद्या सकाळी ऑफिसचा कॉल आहे. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

पुढच्या मंगळवारी त्याला आमच्या गाडीतून यायला जमलं नाही. नंतरही कधी जमलं नाही. वहिनीची मी 'हाय निशा' झाले. आणि जयवंतचा वार लागला की वर जाणारा त्याचा हात त्या दिवसापासून बंद झाला.

हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. आधी वाटलं आपलाच संशय. मग मी बाकावर बसून पाच मंगळवार नीट बघितलं. जयवंतनं त्याला अकरा वेळा मारलं. दंडावर, मुखवट्यावर, बरगडीवर, आवाज माझ्यापर्यंत यायचा. हात एकदाही वर नाही. आणि मेरेनं, ही मनुरेवाहून येणारी, बस चालवणारी बाई, तिनं नुसती मनगटाला तलवार टेकवली तरी याचा हात झटकन वर. वर 'नाइस वन, मेरे'. माझं डोकं फिरलं.

घरी जाताना मी विषय काढला. जयवंत म्हणाला, 'त्याला जाकिटातून कळलं नसेल.'

'मेरेचा कळतो. ग्रॅहमचा कळतो. त्या नव्या मुलीला तलवार धड उचलत नाही, तिचाही कळतो. तुझ्याच वेळी त्याचं जाकीट जाड होतं का?'

'सिग्नल लाल आहे,' जयवंत म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत होतं. माझ्याआधी माहीत होतं. मी म्हटलं, ग्रॅहमला सांग. तेव्हा तो जे बोलला ते त्याचं मी ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण. म्हणाला, 'काय सांगू? आधी जात म्हणजे काय ते सांगायचं. मग त्याची कुठली, आमची कुठली. मग पाणवठा, मग देऊळ. चहाच्या सुट्टीत, हातात बिस्कीट घेऊन? आणि सांगून झालं की मी तिथं कोण राहणार? आत्ता त्यांना माझ्याबद्दल तीन गोष्टी माहीत आहेत. मी हळू आहे, माझे पाय चांगले आहेत आणि मी डावा खांदा उघडा टाकतो. मला एवढंच राहायचंय, निशा. मला अशी दुसरी जागा नाही.'

मी म्हटलं, 'आणि घर?'

'घरी तर रोज लागतं,' म्हणाला. हा त्याचा विनोद.

मी गप्प बसले. तीन वर्षं, दोन महिने. माझ्या स्वभावाला धरून नव्हतं ते, पण बसले. दर मंगळवारी तो मेला रवींद्र हॉलच्या दारात मला हाय करायचा आणि मी पण हाय करायचे, आणि मग त्याला जयवंतचे वार बसताना आणि न बसल्यासारखं चालताना बघायचे. जयवंत मात्र त्याचा प्रत्येक वार कबूल करायचा. नखाला लागला तरी हात वर. मला त्या हाताचीसुद्धा चीड यायला लागली होती.

मग या वर्षी ग्रॅहमचे गुडघे गेले. शनिवारचा नवशिक्यांचा वर्ग दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा असं ठरलं. शिकायला अकरा जणांची नावं आली होती. वर्ग घ्यायचा तर आधी परीक्षा द्यायची, तिला ते प्राइज खेळणं म्हणतात, जुन्या काळची पद्धत आहे म्हणे. क्लबात पाच सीनियर. पाचही जणांशी पाळीपाळीनं खेळायचं, प्रत्येकाशी पाच झटापटी. शेवटी एकेक सीनियर पुढं येऊन सगळ्यांदेखत सांगतो, मला याचे इतके वार लागले. प्रत्येकाकडून निदान एक हवा. एकानं जरी 'एकही नाही' म्हटलं तर पुढच्या वर्षी या. आणि पाचवा, गेल्याच वर्षी सीनियर झालेला, रवींद्र.

जयवंतला तो वर्ग हवा होता. एकवीस वर्षांच्या संसारात या माणसानं काही मागितलेलं मला आठवत नाही. ऑफिसात त्याच्याहून धाकटी पोरं त्याच्या डोक्यावर साहेब म्हणून आली, हा गप्प. पण या वर्गासाठी त्यानं चाळीस पानांची वही तयार केली. पावलांची चित्रं, गटाराच्या ड्रॉइंगसारखी, मापं टाकून. पहिल्या दिवशी काय शिकवायचं, कुणाला गुडघ्याचा त्रास असेल तर काय. आमची जुई तेरा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. तिला घरच्या हॉलमध्ये उभी करून तो तिच्यावर तालीम करायचा, आणि ती म्हणायची, 'डॅड, यू आर सो मच बेटर ॲट धिस दॅन मॅथ्स.'

मी त्याला म्हटलं, 'रवींद्र काय सांगणार ते तुला माहीत आहे.'

'इतका स्वच्छ मारीन की त्याला हात वर करावाच लागेल.'

'अरे, तुझा वार त्याला कळत नाही असं तुला अजून वाटतंय का?'

तो वहीत पाऊल काढत बसला.

जुलैतला शनिवार, दुपारी दोन. हॉलमध्ये हीटर लावलेला तरी पाय गारठत होते. बघायला तीस-एक माणसं, मेरेची आई-मावशी, कुणाची पोरंबाळं, बाहेर सॉसेज भाजत होते त्यांचा वास. जुई माझ्या शेजारी. जयवंतनं ग्रॅहमशी सुरुवात केली, मग मेरे, मग सीनियरांमधले ते दोघं सख्खे भाऊ. चौथ्याच्या शेवटी तो इतका घामानं निथळत होता की मुखवटा काढल्यावर चष्मा दिसेना. पण खेळला छान. आमच्या घरातलं माणूस म्हणून म्हणत नाही, मला आता त्यातलं कळतं.

मग रवींद्र. वाकून सलाम वगैरे केला, त्यात तो कधी कमी पडत नाही. पहिल्या झटापटीत जयवंत खुळ्यात उभा राहिला, टोक खाली. रवींद्रनं छपरातून वार टाकला, जयवंत बाजूला सरकला आणि खालून त्याचा वार रवींद्रच्या दंडावर असा बसला की मेरेची मावशी 'ऊ' म्हणाली. हात वर नाही. दुसऱ्यात रवींद्रनं जयवंतच्या डाव्या खांद्याला मारलं. जयवंतचा हात लगेच वर. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात पुन्हा दंड, पुन्हा काही नाही. पाचव्यात जयवंतनं टोक सरळ छातीत घातलं. त्या तलवारी खुपसल्या की वाकतात, कुणाला इजा होऊ नये म्हणून तशाच बनवतात. ती धनुष्यासारखी वाकली. सगळ्यांनी बघितली. रवींद्र एक पाऊल मागं गेला, तलवार सरळ झाली, आणि त्यानं झगा झटकावा तसं जाकीट झटकलं.

सीनियर एकेक पुढं आले. ग्रॅहम म्हणाला, दोन. मेरे म्हणाली, तीन, आणि तिसरा अजून दुखतोय. भावांनी चार आणि दोन सांगितले. रवींद्र पुढं आला, केसांवरून हात फिरवला आणि इंग्रजीत म्हणाला, 'एकही नाही. सॉरी, मेट. प्रयत्न चांगला होता.'

ग्रॅहमनं जमिनीकडे बघितलं. तो वाईट माणूस नाही. पण ही माणसं भांडण दिसलं की पायाकडे बघतात. म्हणाला, नियम तो नियम, जय, पुढच्या वर्षी तू आरामात करशील. जयवंतनं मान हलवली. अगदी सवयीनं. वडलांनी बघायला जा म्हटल्यावरसुद्धा अशीच हलवली असणार, आणि तिथं माझं सगळं सुटलं. मी उभी राहिले.

'निशा, खाली बस,' जयवंत मराठीत म्हणाला. जोरात नाही.

मी बसले नाही. मी इंग्रजीत बोलले, लॅबमधल्या माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत. म्हटलं, बघणाऱ्यानं बोलायचं नाही हे मला माहीत आहे, मी चार वर्षं बोललेली नाही. हा माणूस तुम्हा प्रत्येकाचा वार मोजतो, माझ्या नवऱ्याचा एक मोजत नाही. आमच्या घरी जेवायला आला त्या दिवसापासून. त्यानं आमच्या भिंतीवर काय बघितलं ते सांगितलं. आम्ही कोण ते सांगितलं. आमच्या सासऱ्यांना कुठल्या विहिरीचं पाणी भरू देत नव्हते ते सांगितलं. जयवंतनं चहाच्या सुट्टीत जे सांगायचं नाही म्हणून चार वर्षं मार खाल्ला, ते सगळं मी दोन मिनिटांत तीस माणसांसमोर ओतलं.

रवींद्र हसला. म्हणाला, 'हे इथंपण आणलंत का तुम्ही? मी तर असलं काही पाळत नाही. मला माहीतसुद्धा नव्हतं.'

मी म्हटलं, 'माहीत नव्हतं तर इथंपण म्हणजे काय रे?'

मेरेच्या मावशीनं फोनवर सगळं घेतलं होतं, तो फोन ती ग्रॅहमच्या नाकासमोर धरून उभी राहिली. ग्रॅहमनं चष्मा चढवून पाचवी झटापट दोनदा बघितली. मग रवींद्रला म्हणाला, 'ही लागलीय, मेट.' रवींद्र म्हणाला, मला जाणवली नाही. ग्रॅहम म्हणाला, तलवार चांगली वीतभर वाकलीय. रवींद्रनं बॅग भरली, आमच्या बाजूला न बघता गेला, आणि परत आला नाही. जयवंतच्या कमरेला वर्ग घेणाऱ्याचा निळा पट्टा बांधला. टाळ्या झाल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, झालं. जिंकलो.

जयवंतनं माझ्याकडे बघितलं नाही. पार्किंगमध्ये मेरे माझ्यापाशी आली, तिनं मला घट्ट मिठी मारली आणि मग विचारलं, 'त्याला विचारलं होतंस?' मी म्हटलं, विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. ती म्हणाली, 'हं,' आणि आईला गाडीत बसवायला गेली. गाडीत जुई मागून म्हणाली, 'मम, यू टोल्ड एव्हरीवन. इट वॉज हिज.' मी तिला गप्प केलं.

जयवंत आठ दिवस बोलला नाही. मग बोलला तेव्हा भाजीत मीठ कमी आहे एवढंच. पण शनिवारचा वर्ग सुरू झाला. वही घेऊन गेला. मी मनात म्हटलं, रुसू दे, वर्ग तर मिळाला. सासूबाईंना, कमलाबाईंना, फोनवर सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या बरं केलंस, एकदा कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी खूश.

हळूहळू इतर गोष्टी कानावर यायला लागल्या. चहाच्या सुट्टीत आता त्याला पावलांबद्दल कुणी विचारत नव्हतं. विचारायचे, म्हणजे तुम्हाला शाळेत वेगळं बसवायचे का? एकानं लायब्ररीतून पुस्तक आणून दिलं, भारतावरचं, की हे बरोबर आहे का सांग. ग्रॅहमनं क्लबाच्या सगळ्यांना लांबलचक ईमेल पाठवली, त्यात जयवंतचं नाव सहा वेळा आणि 'जर्नी' हा शब्द चार वेळा. त्याची चूक दाखवायला आता कुणी धजत नव्हतं. डावा खांदा उघडा आहे हे त्याला महिनाभर कुणी सांगितलं नाही.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी मला बरं नव्हतं, तो एकटाच गाडी घेऊन गेला. परत आला आणि जाकीट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला.

'आज माझा वार चुकला,' म्हणाला. 'चांगला हातभर लांबून गेला. वारासुद्धा लागला नसेल. आणि ग्रॅहमनं हात वर केला.'

मी त्याच्यासमोर पाणी ठेवलं.

'मग मुद्दाम बघितलं. पुढचा मी लांबूनच मारला, जाणूनबुजून. त्यानं पुन्हा हात वर केला. वर वेल डन. ते दोघं भाऊ, तेही तसेच. मेरेनं अर्धा वर नेला आणि खाली घेतला, तिलाच कळेना. तो एक माझा खरा वार देत नव्हता, हे सगळे खोटे देतात. मला काय येतं नि काय नाही हे आता मला कुठं कळणार, निशा? तूच सांग. मी त्या अकरा जणांना काय शिकवू?'

'त्यांना तुझ्याबद्दल वाटतं म्हणून करतात.'

'तेच तर म्हणतोय.' मग तो आवाज न चढवता म्हणाला, 'तू माझी जागा घालवलीस.'

मला राग आला. येणारच. ज्यानं घालवली तो कोथरूडचा, आणि शिव्या मला. मी म्हटलं, तू चार वर्षं घाण गिळत बसलास आणि मी तुझ्यासाठी उभी राहिले तर मीच वाईट. तो म्हणाला, तू तुझ्यासाठी उभी राहिलीस, तुला बघवत नव्हतं. हे खरं होतं, म्हणून मी ताट आपटलं. शनिवारी तो वर्गाला गेला नाही. ग्रॅहमला मेसेज केला की बरं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. वही फ्रीजवर पडून होती.

त्या रविवारी दुपारी मी गॅरेजमध्ये गेले. त्याच्या सरावाच्या दोन प्लास्टिकच्या तलवारी तिथं असतात, नायलॉनच्या, वजनदार. तालमीसाठी आणलेला जुईचा मुखवटा डोक्यात घातला, एक तलवार हातात घेतली. त्याला हाक मारली. तो दारात आला आणि मला बघून म्हणाला, 'हे काय खूळ?'

'मार.'

'जाकीट नाही तुझ्या अंगात. लागेल.'

'लागलं तर सांगेन. नाही लागलं तर मेले तरी सांगणार नाही. मला तुझ्याबद्दल सध्या काडीचं काही वाटत नाहीये, हे लक्षात ठेव.'

तो आत आला. मग चपला काढल्या, दुसरी तलवार घेतली. पहिला वार हळू टाकला, मी आपली आडवी धरली, ठक्क झालं. मी म्हटलं, 'नाही लागलं.' दुसरा खांद्याच्या जवळून गेला. 'नाही लागलं. डावा खांदा उघडा टाकलास, झाक.' त्यानं झाकला. तिसरा माझ्या मुठीवर आला असं त्याला वाटलं, तो थांबला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला. 'बघतोस काय, तलवारीवर बसला तो. चार वर्षं शिकून हे असलं मारतोस?' त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. असा लाल झालेला मी त्याला लग्नानंतर दोनदा बघितलाय.

मग तो खुळ्यात गेला, टोक खाली. मी मूर्खासारखी पुढं झाले. खालून आला तो वार मला दिसलासुद्धा नाही. कोपराच्या खाली बसला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंडातून आवाज निघू नये म्हणून मी दात दाबून धरले, कारण अजून माझा राग गेला नव्हता आणि त्याला हे द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तो बोलला नाही. मारणाऱ्यानं बोलायचं नसतं. तलवार खाली घेऊन उभा राहिला.

मी डावा हात वर केला.

'खरंच?' त्यानं विचारलं. 'की उगीच?'

मी मुखवटा काढला, उजवी बाही कोपरापर्यंत गुंडाळली, आणि लाल वळ उठलेला हात त्याच्या चष्म्यासमोर धरला.